नाताळचें ताट आणि घरचा केक

नाताळ जवळ आला म्हणजे वसईच्या ख्रिस्ती घरांतून करंज्या, कलकल व दोदोल यांचा सुवास दरवळूं लागतो, आणि रुमालानें झांकलेलीं ताटें शेजारीं पोंचतात. या ताटांत शोभणारा सोपा पदार्थ म्हणजे रवा-नारळाचा केक. गोव्यांत त्यास 'बाथ' म्हणतात. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालीं होती; त्या सहवासाची खूण 'पाव' या शब्दांत आजहि आहे. या केकांत भाजण्याची रीत पश्चिमेची, तर नारळ आपल्याच वाडींतला.

साहित्य : बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, एका नारळाचा चव, दूध दीड वाटी, अंडीं ३, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, वेलचीपूड व चिमूटभर मीठ.

रवा व नारळ दुधांत दोन तास भिजवून थंड जागीं ठेवावा. रवा फुगला नाहीं तर केक कचकचीत लागतो. लोणी व साखर फेसून त्यांत अंड्यांतील बलक, मग भिजलेला रवा व इतर जिन्नस मिसळावे. पांढरा भाग वेगळा फेसून शेवटीं हलक्या हातानें घालावा, कारण त्यांत कोंडलेली हवा उष्णतेनें प्रसरण पावून केकाला हलकेपणा देते. मनुकांऐवजीं आपल्याकडील राजेळी केळ्यांचीं सुकेळीं चिरून घालावीं.

तूप लावलेल्या भांड्यांत १८० अंश सेल्सियसवर सुमारें ४५ मिनिटें भाजावें. सुई खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे केक झाला. पूर्वीं पातेल्याखालीं व झांकणावर निखारे ठेवीत; उष्णता वरखालीं सारखी लागावी हाच हेतु. आज जाड पातेल्यांत वाळूचा थर देऊन त्यावर तिवई ठेवावी व मंद आंचेवर पाऊण ते एक तास भाजावें.

आतां मुख्य गोष्ट. आपल्या वालीवला कारखान्यांमुळें दूरदूरच्या प्रांतांतील कुटुंबें राहावयास आलीं आहेत. त्यांपैकीं कांहीं अंडें खात नाहींत. असें ताट तीं नम्रपणें घेतील, परंतु केक तसाच राहील; मग देण्याचें समाधान आपल्यापुरतेंच उरलें. म्हणून आधीं विचारावें. अशा घरासाठीं अंड्यांऐवजीं एक वाटी दही व अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालावा. दह्यांतील आम्ल व सोडा यांच्या संयोगानें कार्बन डायॉक्साइड वायु निघतो व केक फुगतो. तो वायु उडून जाण्यापूर्वींच, म्हणजे सोडा घालतांच, भांडें भाजावयास ठेवावें. हा केक स्वच्छ भांड्यांत व अंड्याच्या केकाआधीं करावा.

मुलांनो, ताट पोंचविण्याचें काम तुमचें आहे. आपल्याकडे शेजाऱ्याचें ताट रिकामें परत धाडीत नाहींत. नाताळचें ताट कदाचित् संक्रांतीला तिळगूळ घेऊन परत येईल. तेव्हां तोहि तितक्याच आवडीनें खावा.