दोनदा फुलणारा आयरिस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याच्या धायरीत अंगणं कमी होत गेली आणि फुलझाडांची हौस गच्चीवर सरकली. या हौशी मंडळींना ऑनलाइन मिळणारा ‘वर्षातून दोनदा फुलणारा आयरिस’ मोहात पाडतो. असा आयरिस खरोखर असतो. पण तो दोनदा का फुलतो याविषयी इतके गैरसमज आहेत की पैसेही जातात आणि दोन-तीन वर्षंही.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे एकच झाड पुन्हा फुलतं. बिअर्डेड आयरिसच्या बाबतीत तसं होत नाही. त्याचा कंद आल्यासारखा जमिनीलगत आडवा वाढतो. ज्या कंदातून एकदा फुलाचा दांडा वर आला, तो कंद परत कधीही फुलत नाही. त्याच्या बगलेतून नवे फुटवे निघतात. साध्या जातीत हे फुटवे हिवाळा काढून पुढच्या वसंतात फुलतात. दोनदा फुलणाऱ्या जातीत त्यातले काही फुटवे त्याच हंगामात पक्व होतात आणि हिवाळ्यासाठी थांबत नाहीत. दुसरा बहर लेकींचा असतो, आईचा नव्हे. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

उदाहरणार्थ, ‘ताण दिला की फुलेल’ हा खास आपल्याकडचा समज. डाळिंबाला आपण मृग, हस्त आणि आंबे असे बहार धरतो. पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, मग पाणी सोडायचं. पण डाळिंबात वर्षातून अनेकदा फुलण्याची क्षमता मुळातच असते. ताण फक्त त्या फुलण्याची वेळ ठरवतो. आयरिसचं उन्हाळ्यात पाणी तोडलं तर नव्या फुटव्यांची वाढच खुंटते आणि जो दुसरा बहर येणार होता तोही हुकतो. खताचंही तसंच. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कंद सडायला लागतो. जी क्षमता वाणात नाही, ती कोणत्याही खताच्या पुडीतून येणार नाही.

ती क्षमता वाणात आली कशी? निवड आणि संकरातून, आणि फार संथपणे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या सास बंधूंनी १९२०च्या दशकातच शरदात पुन्हा फुलणारे आयरिस दिले होते. पुढे लॉइड झुर्ब्रिग या संगीताच्या प्राध्यापकांनी आयुष्याचा मोठा काळ याच कामाला दिला. त्यांचा ‘इम्मॉर्टॅलिटी’ हा पांढरा वाण १९८२चा. पुन्हा फुलणाऱ्या आयरिसमध्ये आजही त्याचं नाव आधी निघतं. मला या माणसांविषयी फार आदर वाटतो, कारण बियांपासून लावलेला बिअर्डेड आयरिस पहिलं फूल दाखवायला दोन-तीन वर्षं घेतो आणि तो दोनदा फुलतो की नाही हे कळायला त्याहून जास्त.

‘दोनदा फुलणारे दोन वाण एकत्र केले की सगळी रोपं तशीच’ असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बरीच रोपं एकदाच फुलतात. उलट, एकदाच फुलणाऱ्या आईबापांच्या पोटीही कधी दोनदा फुलणारं रोप निघतं, कारण हा गुण बहुतांशी दबून राहणारा आहे. त्यात उंच बिअर्डेड आयरिसमध्ये गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच असतात. एकाच जनुकाचा साधा हिशेब धरला, तरी दबलेला गुण दोन संचांच्या झाडात चारांत एका रोपात उघड होतो. चार संचांच्या झाडात, दोन्ही पालकांत तो निम्मा दडलेला असताना, छत्तिसांत एका रोपात. म्हणून डझनभर रोपं लावून निराश होऊ नये. गुलाबाचीही कथा अशीच आहे. चिनी गुलाब १८व्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोचले, त्यांच्याशी संकर झाले आणि मग बारमाही गुलाब घडले. त्यामागचा जनुकातला बदल नेमका २०१२मध्ये उलगडला.

आता आपल्या हवेकडे येऊ. ‘पुण्यात थंडी पडते, मग आयरिस का नाही?’ पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची नोंद झाली, हे खरं. पण एरवी डिसेंबर-जानेवारीतली पहाट साधारण ११-१२ अंशांची आणि दुपार तिशीच्या आसपासची असते. बहुतेक बिअर्डेड आयरिसना याहून लांब आणि सलग गारवा लागतो. सौम्य हिवाळ्यात फुलणारे काही वाण आहेत, कॅलिफोर्नियात ते छान चालतात. मात्र तिथला उन्हाळा कोरडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्यावर राहू पाहणारा तो कंद ओल्या मातीत बसतो आणि कुजतो. डच आयरिसचे कांदेही थंडीची प्रक्रिया करून येतात. एकदा फुलतात, इथे परत फुलण्याची आशा जवळपास नाही.

मग धायरीत काय लावावं? सोसायट्यांच्या कडेला दिसणारं डायटीस लावा. आयरिसच्याच कुळातलं आहे, दक्षिण आफ्रिकेचं आहे, आणि उबदार महिन्यांत लाटालाटांनी फुलतं. त्याच्या काही जातींत जुन्याच दांड्यावर पुन्हा कळ्या येतात, म्हणून फूल गळल्यावर दांडा छाटू नका. निओमारिकाही लावता येईल. तिच्या दांड्याच्या टोकाला पिल्लू येतं, दांडा वाकतो आणि ते जमिनीत रुजतं. दोन्हींची फुलं अल्पायुषी, पण येत राहतात.

ज्यांना स्वतः वाण घडवायचा आहे, त्यांनी आयरिस डोमेस्टिकापासून सुरुवात करावी. केशरी, लाल ठिपक्यांचं हे झाड पूर्वी बेलमकँडा या नावानं ओळखलं जाई. २००५मध्ये त्याला आयरिसमध्ये घेतलं. त्यात गुणसूत्रांचे दोनच संच आहेत आणि बियांपासून ते पहिल्या-दुसऱ्या वर्षी फुलतं. अमेरिकेतल्या सॅम्युएल नॉरिस यांनी १९६०च्या दशकात त्याचा आयरिस डायकॉटोमाशी संकर करून कितीतरी रंग मिळवले. पद्धत अवघड नाही. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून सकाळी उमलण्याआधीच तिन्ही परागकोश चिमट्यानं काढा, दुसऱ्या झाडाचे परागकण कुक्षीला लावा, फुलाला दोऱ्याची खूण बांधा. बोंड तडकून काळं बी दिसलं की गोळा करा. ज्या रोपाला त्याच वर्षी दुसरा दांडा येतो, त्याचंच बी पुढे धरा, आणि वहीत आईबापांची नावं लिहून ठेवा.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाल किंवा सिंहगड रस्त्यावरच्या रोपवाटिकेत थांबाल, तेव्हा ‘आयरिस आहे का?’ एवढंच विचारू नका. शास्त्रीय नाव विचारा, आणि ते झाड पुण्याच्या पावसाळ्यातून गेलेलं आहे का तेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर विकत घेऊ नका.