अंदमानात काय पाहाल, कसे पाहाल?

डिसेंबरच्या सुट्टीत अंदमानला गेलेल्या माणसाला पहिला धक्का सूर्य देतो. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) तो पाचच्या सुमारासच बुडतो. मे महिन्यात पहाटे पाचला तेथे उजाडलेले असते. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाण वेळेचे!

याचे उत्तर तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातच आहे. आपली प्रमाण वेळ ८२½° पूर्व रेखावृत्तावरून ठरते. मुंबई ७३° पूर्वेच्या जवळ आहे, तर पोर्ट ब्लेअर जवळजवळ ९३° पूर्वेला. अंतर सुमारे २० अंशांचे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणजे अंदमानात सूर्य डोक्यावर आल्यानंतर मुंबईत तो माथ्यावर यायला आणखी सुमारे ८० मिनिटे लागतात. म्हणून तेथे सहलीचा दिवस पहाटेच सुरू करावा. जे पाहायचे ते दुपारी चारच्या आत पाहून घ्यावे.

अनेक मराठी प्रवासी तेथे जातात ते सेल्युलर जेलच्या दर्शनासाठी. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगात स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे होते. तेथे नतमस्तक होऊन बाहेर पडलात की समोर समुद्र आहे. या लेखात आपल्याला त्या समुद्राकडे जायचे आहे. तेथे जे जे पाहण्यासारखे आहे, त्यामागे तुम्ही शाळेत शिकलेला एखादा नियम उभा आहे. तो नियम ठाऊक असेल तर पाहण्यातली गोडी वाढते, आणि कोठे सावध राहावे तेही आपोआप कळते.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक

शहीद द्वीपावर (पूर्वीचे नील बेट) लाटांनी कोरून काढलेली खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ती पाहायला ओहोटीच्या वेळीच जावे लागते. एरवी पायवाटेवर पाणी असते. ओहोटीला खडकातल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे आणि छोटे मासे अडकलेले दिसतात. पण कालची ओहोटीची वेळ आज चालत नाही. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे ती रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे. त्यातला पाऊण तास म्हणजे हीच ५० मिनिटे! अंदमानात भरतीची मूळ वेळ निराळी, पण रोजचा उशीर तोच. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. तेव्हा ओहोटीचे पाणीही सर्वांत दूर जाते आणि डबक्यांतली सृष्टी अधिक दिसते. त्याच दिवसांत परत येणारे पाणीही जास्त चढते, म्हणून खडकांत फार वेळ रेंगाळू नये.

निळे पाणी आणि काचेच्या तळाची होडी

स्वराज द्वीपावरील (पूर्वीचे हॅवलॉक) राधानगरच्या किनाऱ्याची वाळू पांढरीशुभ्र आहे. कोकणातली बरीच वाळू काळसर किंवा तांबूस असते, कारण ती बेसाल्ट आणि जांभा या खडकांच्या झिजेतून आलेली असते. प्रवाळ बेटांवरची पांढरी वाळू म्हणजे मुख्यतः पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा चुरा होय. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते आणि निळा दूरवर जाऊ देते. उथळ जागी पांढऱ्या वाळूवरून परतलेला प्रकाश हिरवट-निळा दिसतो, तर खोल जागी गर्द निळा. दहा मीटर खोलीवर तांबडा प्रकाश फारसा उरत नाही, त्यामुळे तेथे लाल वस्तू काळपट दिसते.

वंडूरजवळ १९८३ साली स्थापन झालेले महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या जॉली बॉय आणि रेड स्किन या बेटांवर पाळीपाळीने प्रवाशांना नेतात. तेथे काचेचा तळ असलेल्या होडीतून पोवळी दाखवतात. वरून वाकून पाहिले तर का दिसत नाही? लहरींनी पाण्याचा पृष्ठभाग वाकडातिकडा झालेला असतो. प्रत्येक लहर भिंगासारखे काम करते आणि चित्र विस्कटते. होडीच्या तळाशी पाणी सपाट काचेला चिकटलेले असते; तेथे लहरी नाहीत, म्हणून चित्र स्वच्छ. मात्र वक्रीभवन सुटत नाही. चार मीटर खोल असलेले पोवळे तीन मीटरवरच आहे असे वाटते.

मुखवटा, नळी आणि बॉईलचा नियम

पाण्यात डोके घालून पाहणाऱ्यांना मुखवटा आणि नळी देतात. नुसत्या डोळ्यांनी पाण्यात धूसर दिसते, कारण डोळ्याच्या पारदर्शक पटलाचा वक्रीभवनांक पाण्याच्या जवळपास असतो आणि पटलावर किरण पुरेसे वाकत नाहीत. मुखवट्यातील हवेचा थर ही अडचण दूर करतो.

आता प्रश्न असा, की ही नळी हातभरच का? एक मीटरची नळी घेऊन तळाशी आरामात का बसू नये? हिशेब करा. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅम पडतो. छातीचा पुढचा भाग ९०० चौरस सेंटीमीटर धरला तर त्यावर ९० किलोग्रॅम भार आला! नळीतून येणारी हवा मात्र वातावरणाच्याच दाबाची. एवढा भार उचलून श्वास कोण घेणार?

स्कूबाच्या टाकीतील हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाने मिळते, म्हणून खोल जाता येते. पण येथे बॉईलचा नियम विसरणे जिवावर बेतू शकते. दहा मीटर खोल दाब दोन वातावरणे असतो. तेथे छातीभर श्वास घेऊन, तो रोखून कोणी वर आला, तर पृष्ठभागावर त्या हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून प्रशिक्षक पहिलाच नियम सांगतो : श्वास कधीही रोखून धरू नका. तो त्याचा कडकपणा नव्हे, तो वायूंचा नियम आहे.

एका अंशाची किंमत

होडीतून दिसणारी पोवळी दगडासारखी भासतात, पण ती जिवंत वसाहत आहे. काही मिलिमीटरचे असंख्य प्राणी समुद्रातून कॅल्शियम कार्बोनेट घेऊन आपली घरे बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून यजमानाला अन्न पुरवते आणि पोवळ्याचा रंगही बराचसा त्याचाच. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा केवळ एक अंश सेल्सिअस वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. प्राणी शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. याला विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर पोवळे सावरते, नाही तर उपासमारीने मरते. २०१० साली अंदमानात असे मोठे विरंजन झाले होते.

एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. एक चौरस मीटर क्षेत्राचा, दहा मीटर खोल पाण्याचा स्तंभ घ्या. त्याचे वस्तुमान १० टन. त्याला एक अंश तापवायला एक कोटी कॅलरी उष्णता लागते! हरितगृह परिणामामुळे पृथ्वीवर साठत असलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी घेतली आहे. ती उष्णता आपण सहलीत थांबवू शकत नाही. पण पाय ठेवणे थांबवू शकतो. गोल वाढणारी पोवळी वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. पंधरा सेंटीमीटरचा जो थर एका पायाखाली मोडतो, तो बांधायला तुमच्या वयाइतका काळ लागलेला असतो.

जमिनीखालची उलथापालथ

अंदमानची बेटे ही समुद्रात बुडालेल्या एका पर्वतरांगेची शिखरे आहेत. येथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडील भूपट्टाखाली सरकतो. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन बेटाचा जागृत ज्वालामुखी आहे. शंभराहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. बाराटांग बेटावरील चिखलाचे ज्वालामुखी मात्र नावापुरते. तेथे लाव्हा नाही. जमिनीखालचा वायू थंड चिखलाला वर ढकलतो आणि बुडबुडे फुटतात. जवळच चुनखडीची गुहा आहे. आम्लयुक्त पावसाच्या पाण्यात चुनखडी विरघळते आणि थेंबाथेंबाने तिचे लवणस्तंभ तयार होतात. त्यांना हात लावू नये. हाताचा तेलकटपणा लागला की त्या जागी क्षार नीट साठत नाही.

याच भूपट्टांच्या हालचालीने २६ डिसेंबर २००४ रोजी प्रचंड भूकंप आणि त्सुनामी आली. त्या एका धक्क्यात उत्तर अंदमानातील काही किनारे मीटरभर वर उचलले गेले आणि तेथली पोवळी उघडी पडून मेली. निकोबारमधील इंदिरा पॉइंटची भूमी चार मीटरांहून अधिक खचली. किनाऱ्यावर असताना जमीन जोराने हादरली किंवा पाणी एकाएकी खूप मागे हटले, तर शिंपले वेचायला धावू नका. उंच जागी धावा.

बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव वनातून जातो. तेथे गाडी थांबवणे आणि छायाचित्रे घेणे यांना मनाई आहे. जारवा हे त्या भूमीचे रहिवासी आहेत, सहलीतले प्रेक्षणीय स्थळ नव्हेत. बाहेरच्या माणसांचे साधे आजारही त्यांना घातक ठरू शकतात.

रात्रीचा थंड प्रकाश

अमावास्येच्या आसपास काळोख्या रात्री कधी कधी किनाऱ्याच्या लाटा निळसर चमकतात. हे काम सूक्ष्म एकपेशीय जीवांचे. पाणी ढवळले की त्यांच्यातील रासायनिक क्रियेने प्रकाश पडतो, उष्णता जवळजवळ नाहीच. तो दिसावा म्हणून विजेरी बंद ठेवा आणि डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस मिनिटे द्या.

घरी करून पाहा

१. बादलीभर पाण्यात तळाशी नाणे टाका आणि पाणी हलवा. नाणे नाचते. आता सपाट तळाचा काचेचा पेला पाण्यात थोडासा दाबून त्यातून पाहा. काय फरक पडला?

२. कोकणातून आणलेल्या शिंपल्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे कसले? समुद्राचे पाणी थोडे जरी आम्लाकडे झुकले, तर पोवळ्यांना घर बांधणे का जड जाईल? (या प्रयोगासाठी पोवळे मात्र आणू नका, ते उचलणे वन्य जीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.)

३. मुंबई आणि पोर्ट ब्लेअर यांच्या वेळेत ८० मिनिटांचा फरक आपण काढला. मग डिसेंबरमध्ये दोन्ही ठिकाणच्या सूर्यास्तांत तो फरक एक तासाच्या आसपासच का दिसतो? अक्षांशांचा विचार करा आणि उत्तर आपल्या शिक्षकांना दाखवा.