चौदाव्या वर्षीही दुधाचा दात पडला नाही?

दुधाचे दात साधारण १२-१३ वर्षांपर्यंत पडून जातात. तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा एखादा दात त्यानंतरही घट्ट असेल, तर तो काढण्याची घाई करू नका. आधी एक्स-रे काढा. शक्यतो ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा.

कारण खाली कायमचा दात असेलच असे नाही. खालच्या जबड्यातील दुसऱ्या उपदाढेचा अंकुर काहींमध्ये जन्मतःच नसतो. अशा वेळी मुळे शाबूत असलेला दुधाचा दातच कामाचा. नीट जपला तर तो पुढे अनेक वर्षे टिकू शकतो. "दुधाचाच आहे, काढून टाका" असा आग्रह पालक धरतात, तेव्हा आम्हाला थांबवावे लागते.

वरच्या सुळ्याचे वेगळे. कायमचा सुळा कधीकधी टाळूच्या बाजूला अडकतो. तेव्हा दुधाचा सुळा काढून त्याला वाट करून देतात. हा उपाय १० ते १३ वर्षांच्या दरम्यान जास्त लागू पडतो. उशीर झाला तर छोटी शस्त्रक्रिया आणि तारा लागू शकतात.

दात काढताना हिरडीत भूल देतात. दाब जाणवतो, पण दुखत नाही. नंतर अर्धा तास कापसाचा बोळा चावून धरायचा. त्या दिवशी जोरात चुळा भरू नयेत, स्ट्रॉने काही पिऊ नये. बोळा पुन्हा दाबून धरूनही रक्त थांबले नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.