नितळ पाण्याचा उशीर

साकोलीकडचा आमचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. वर्षानुवर्षं धानाच्या बांध्यांतलं खत त्यात उतरलं, तरी पाळीवरून तळाची पाणवनस्पती दिसायची. मग दोनच पावसाळ्यांत पाणी हिरवंगार, गढूळ झालं.

अशा उशिराचं एक गणित 1973 साली गणितज्ञ शिश्कोवा यांनी एका उदाहरणात दाखवलं. 1987 मध्ये नैश्टात यांनी ते व्यापक केलं. परिस्थिती अगदी हळू बदलत असेल, तर तोल सुटण्याची रेषा ओलांडूनही व्यवस्था बराच काळ जागची हलत नाही. तोल पक्का असताना प्रत्येक धक्का विरत विरत नगण्य झालेला असतो. त्याला पुन्हा वाढायला वेळ लागतो. मग एकदम उडी! तलावाला वारा, गुरं, पूर सतत हलवतात, म्हणून तिथे हा विलंब आखूड.

तरी पाणी नितळ म्हणजे तोल शाबूत, असं नाही. आमचा आजा दर उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाणी नितळ असतानाच.