मनाचा दवाखाना (लेखांक ६) : गोळी मिळाली, बोलणं राहिलं

धारवाडचं मनोरुग्णालय १८४५ सालचं, मुंबई इलाख्याच्या काळातलं. आज ते ‘डिमहान्स’ या नावाने ओळखलं जातं. हुबळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही मानसोपचार विभाग आहे. त्यामुळे या जुळ्या शहरांतल्या माणसाला नैराश्यावर उपचार घ्यायला बंगळुरू गाठावं लागत नाही. प्रश्न पुढचा आहे. केसपेपर काढून आत गेल्यावर सगळ्यांना सारखेच उपचार मिळतात का?

या परिसरात नुसते कानडीच लोक राहत नाहीत. कलघटगी-हल्याळ पट्ट्यातले दनगर गवळी घरात मराठीची बोली बोलतात. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानांतले आफ्रिकी वंशाचे सिद्दी कोकणी वळणाने बोलतात. लमाणी तांड्यांवर गोरबोली चालते. यातल्या अनेकांना बाजारापुरतं कानडी येतं. पण झोप उडाली आहे, जीव नकोसा झाला आहे, हे सांगायला बाजारातली भाषा पुरत नाही. मग सोबत आलेलंच कुणीतरी दुभाषा होतं. सुनेचं दुखणं सासरच्या जाचातून आलेलं असेल आणि दुभाषा नवराच असेल, तर डॉक्टरांपर्यंत काय पोहोचणार? ‘डोकं दुखतं, अंग दुखतं’ एवढंच.

नैराश्याच्या बाबतीत हे फार महाग पडतं. इथे निदान रक्ताच्या तपासणीतून होत नाही, बोलण्यातूनच होतं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटू लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवायच्या असतात. हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही, तर पहिलं पाकीट संपताच उपचार थांबतात. समुपदेशन तर सगळं संवादावरच उभं असतं.

उपचारांतली ही तफावत अमेरिकेत मोजली गेली आहे. मार्गारिटा अलेग्रिया आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्य असूनही वर्षभरात मानसोपचार न मिळालेल्यांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये ४०.२ टक्के होतं. कृष्णवर्णीयांत ते ५८.८, लॅटिनोंमध्ये ६३.७ आणि आशियाई वंशाच्या लोकांत ६८.७ टक्के निघालं. उपचार मिळणं आणि ते पुरेसे असणं, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरी कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाचे लोक मागेच होते.

आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना आढळले. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत कर्नाटक नव्हतं, महाराष्ट्रही नव्हता.

उपाय मात्र शेजारीच सापडतो. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. रुग्णाच्याच भाषेत सहा ते आठ बैठका. भर कशावर, तर सुटलेली कामं आणि तुटलेल्या भेटीगाठी पुन्हा सुरू करण्यावर. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवरची ही चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तीन महिन्यांनी या बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच, पण थोडे सुधारलेले उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने असाच गावातल्या माणसांवर भरवसा ठेवला. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा धर्म, जात, संस्कृती यांवरून भेदभाव करायला मनाई करतो. उपचाराला संमती घेताना त्याचे फायदे-तोटे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणंही त्याने बंधनकारक केलं आहे. तांड्यावरच्या किंवा गवळीवाड्यावरच्या रुग्णासाठी हे काम करायचं, तर त्याची बोली जाणणारं माणूस दवाखान्यात हवं आणि ते शक्यतो रुग्णाच्या घरचं नको. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या त्याच वस्तीतल्या असतात. गोव्यातली ही पद्धत मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशांना मोबाइलवरून शिकवण्याचा प्रयोग झाला आहे. त्याविषयी पुढच्या लेखांकात.