विमान सोडणारी सही

गुहागर तालुक्यातल्या असगोली-बुधलच्या किनाऱ्यावर होडीचं इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीला कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. आवाज ऐकून तो दोष ओळखतो, दुरुस्ती करतो आणि ‘झालं, घाला पाण्यात’ म्हणतो. त्याच्या घरातला बारावी सायन्स झालेला मुलगा विमानाच्या इंजिनाकडे जायचं म्हणतो, तेव्हा गुहागरात चर्चा होते ती फीची. खरा प्रश्न मागेच राहतो: शेवटी हातात पडणार काय, कॉलेजचं सर्टिफिकेट की लायसन्स?

आपल्याकडे लायसन्स देतं ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. त्याच्या सीएआर-१४७ या नियमाखाली मान्यता असलेलं कॉलेज शिकवतं. लायसन्स मिळतं सीएआर-६६ खाली. जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब वैमानिकांसाठी प्रसिद्ध, पण विमान देखभालीचं शिक्षणही तिथे मिळतं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. मग लायसन्सचा वर्ग निवडायचा. ‘ए’वाल्याला उड्डाणांच्या मधली ठरावीक साधी कामं, ‘बी-१’ला इंजिन आणि सांगाडा, ‘बी-२’ला विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मोठ्या देखभालीनंतर सगळं विमान उड्डाणाला सोडणारा तो ‘सी’. बी-१ मध्येही पोटभाग आहेत: टर्बाइनचं विमान वेगळं, पिस्टन इंजिनाचं हेलिकॉप्टर वेगळं.

परीक्षा मोड्यूलवार होते आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. पस्तिशीवर निभावणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. शिवाय चालू विमानांवर काम केल्याचा अनुभव लॉगबुकात नोंदवावा लागतो. कॉलेजातून बाहेर पडल्यावर पोरं अडकतात ती बहुधा इथे. कंपनीच्या हँगरमध्ये शिरकाव मिळाला नाही, तर पास झालेले पेपर नुसते फायलीत राहतात. म्हणून प्रवेश घेताना इमारत आणि हॉस्टेल पाहण्याआधी विचारावं, की प्रत्यक्ष काम कुठल्या हँगरमध्ये, कुठल्या विमानावर करायला मिळतं. मॅन्युअलं सगळी इंग्रजीत, त्यामुळे ‘टाइट कर’ आणि ‘अमुक टॉर्कला कस’ यातला फरक वाचूनच कळायला हवा. मराठी माध्यमाच्या मुलाला हे जमत नाही असं नाही. सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

मोड्यूलांमध्ये एक मानवी घटकांवर आहे. मुलं त्याला सोपा पेपर समजतात. तो का ठेवलाय, ते एका अपघातावरून कळतं. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सुमारे सतरा हजार फुटांवर कॉकपिटची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं आणि कॅप्टन वाचला. आदल्या दिवशी पहाटे, रात्रपाळीत ती काच बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी जाडीला किंचित कमी, फरक मिलिमीटरहूनही कमी. उरलेले सहा लांबीला कमी. बदलणारा शिकाऊ नव्हता, पाळीचा प्रमुख होता. माणसं कमी म्हणून त्याने काम स्वतःच केलं, आणि पार्ट्सचं पुस्तक न उघडता जुन्या बोल्टाशी नवा नुसत्या डोळ्यांनी जुळवला. काढलेले जुनेही मुळात चुकीचेच होते. त्या कामाला दुसऱ्या माणसाच्या तपासणीची सक्ती नव्हती. डोळ्याच्या अंदाजावर मिस्त्रीचं पोट चालतं, पण विमानाच्या कामात तो अंदाज पुस्तकाशी ताडून पाहावा लागतो.

म्हणूनच लायसन्स हातात आलं तरी माणूस लगेच एअरबस ए३२० सोडू शकत नाही. त्या जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं, आणि वर ज्या संस्थेत तो काम करतो तिची अधिकृत परवानगी. मग काम संपल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस’वर तो सही करतो; काम नियमाप्रमाणे झालं, एवढंच ती सांगते. वैमानिक उडवतो त्या कागदाच्या भरवशावर.

नोकऱ्या कोकणात नाहीत, हे धरून चालावं. सिंधुदुर्गातल्या चिपीला विमान उतरतं, पण मोठी देखभाल तिथे होत नाही. मुंबई आहे, आणि नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियासाठी बांधलेलं मोठं देखभाल केंद्र आहे. आणि एकदा मिळालेलं लायसन्स कपाटात ठेवून चालत नाही: गेल्या दोन वर्षांत सहा महिने तरी देखभालीचं काम केलेलं असेल, तरच त्याच्या जोरावर सही करता येते.