मुखकर्करोगातील छेदसीमा आणि रोगाचा पुनरुद्भव

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले तेव्हापासून मिरजेचे नाव वैद्यकाशी जोडले गेले आहे. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सांगली-साताऱ्याप्रमाणेच कर्नाटकाच्या सीमाभागातूनही तेथे रुग्ण येतात. निपाणीची तंबाखूची पेठ या टापूपासून फार दूर नाही. तंबाखू-चुन्याची चिमूट गाल व हिरडी यांमधील खाचेत तासन्‌तास धरून ठेवण्याची सवय येथे जुनी आहे. पाश्चात्त्य देशांत मुखकर्करोग मुख्यतः जिभेवर व तोंडाच्या तळाशी आढळतो. आपल्याकडे मात्र त्या खाचेतील रोगाचे प्रमाण फार मोठे आहे.

या रोगावर शस्त्रक्रिया हाच प्रमुख उपाय होय. अर्बुद काढताना त्याच्याभोवतीचा निरोगी भासणारा ऊतींचा पट्टाही काढतात. या पट्ट्याची जाडी म्हणजेच छेदसीमा. सूक्ष्मदर्शकाखाली ती ५ मिलिमीटर वा अधिक भरल्यास ‘मुक्त’, १ ते ५ मिलिमीटर असल्यास ‘निकट’ आणि १ मिलिमीटरहून कमी असल्यास ‘रोगग्रस्त’ मानण्याचा प्रघात आहे. सीमा रोगग्रस्त असल्यास त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो ‘निकट’ या मधल्या वर्गाविषयी. ५ मिलिमीटर ही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. तो व्यवहारासाठी ठरविलेला अंक आहे.

शिवाय हे ५ मिलिमीटर कोणी व केव्हा मोजले, यावर बरेच अवलंबून असते. कापलेला ऊतक आखडतो. स्नायूंचे आकुंचन व तन्य तंतूंचा ताण सुटणे ही त्याची कारणे होत. पुढे फॉर्मॅलिनमुळेही काही भर पडते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्लेष्मल सीमेचा हा संकोच सुमारे एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश आढळला. अर्थात शल्यविशारदाने रुग्णाच्या मुखात मोजलेले ६ मिलिमीटर विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती ५ हूनही कमी भरतात. म्हणूनच प्रारंभी निदान १० मिलिमीटर अंतर राखण्याचा आग्रह धरला जातो.

मग २० मिलिमीटर का घेऊ नयेत? कारण मुख म्हणजे उदर नव्हे. गालाची जाडी मुळातच अल्प. श्लेष्मल त्वचा, कपोलस्नायू, थोडी चरबी आणि लगेच बाहेरची त्वचा. खोलीच्या दिशेने सीमा वाढवू जाता गालास आरपार छिद्र पडते किंवा जबड्याचे हाड काढावे लागते. रुग्णाचे बोलणे, चावणे, गिळणे आणि चेहरा यांचे मोल या प्रत्येक मिलिमीटरमागे द्यावे लागते. याच कारणाने खोल सीमा अनेकदा अपुरी राहते. नजर मात्र पृष्ठभागावरच अधिक खिळते, हे खेदाने नमूद करावे लागते.

सीमा मुक्त असूनही रोग परततो, याचा उलगडा स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये सुचविला. तंबाखूचा मारा एका बिंदूवर होत नाही. श्लेष्मल त्वचेचे संपूर्ण क्षेत्रच दूषित होते. त्यामुळे शेजारी नवे अर्बुद उद्भवू शकते, आणि ते मूळ रोगाचा अवशेष की स्वतंत्र रोग हे ठरविणे नेहमी सोपे नसते. अर्बुदाची खोली, मज्जातंतूंभोवतीचा प्रसार व मानेतील लसिकाग्रंथी यांचाही विचार छेदसीमेच्या जोडीने करावा लागतो.

सीमा रोगग्रस्त निघाल्यास पुनर्छेदन शक्य आहे का, हे प्रथम पाहतात. ते शक्य नसल्यास किरणोपचारासमवेत रसायनोपचार देण्याची पद्धत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनंतर रूढ झाली. पुनर्छेदनात मोठी अडचण असते ती जागा ओळखण्याची. नमुना बाहेर आल्यावर व्रण आक्रसतो, पट बदलतात, आणि ‘मागील सीमा’ नेमकी कोठे होती हे सांगणे कठीण होते. नमुन्यास दोरा वा शाई लावून दिशा दर्शविणे आणि गोठित-छेद परीक्षेसाठी तुकडे जखमेच्या कडेऐवजी नमुन्यावरूनच घेणे अधिक विश्वसनीय ठरते, ते यामुळेच.